प्लास्टर निघालं, पण मुलगा मोबाइल सोडत नाही

पत्र : आम्ही चोपडा तालुक्यात शेतातच घर बांधून राहतो. केळी आणि कापूस आहे. मिस्टर सुरतला कामाला, महिन्यातून एकदा येतात. मुलगा ११ वर्षांचा, आता सहावीत जाईल. फेब्रुवारीत ट्रॉलीवरून पडला, नडगीचं हाड मोडलं, सात आठवडे प्लास्टर होतं. त्याला करमावं म्हणून मीच जुना मोबाइल दिला, माझ्या हॉटस्पॉटवर चालतो. आता डॉक्टर म्हणतात चालू दे, खेळू दे, पण हा खाट सोडत नाही. दिवसभर फ्री फायर, नाहीतर शॉर्ट्स. रात्री एक-दीड वाजतात, सकाळी दहा-अकराला उठतो. मोबाइल घेतला की ताट फेकतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेलो, तर सगळी पोरं झोक्यावर आणि हा आतल्या खोलीत. मित्राकडे जा म्हटलं की म्हणतो, ‘माले कोठेच जानं नही.’ सासूबाई म्हणतात, राहू दे, दुखणं काढलंय त्यानं. कोरोनात पहिलीला होता, तेव्हाही असाच चिकटला होता. आता चार वर्षांची धाकटीही मोबाइलशिवाय घास घेत नाही. मोबाइल बंदच करून टाकू का? आणि याला काही मानसिक झालंय का?

उत्तर :

ताई, मोबाइल एकदम बंद करू नका. सध्या त्याच्या दिवसात दुसरं काहीच उरलेलं नाही. शाळेला सुट्टी, मित्र गावात, घर मळ्यात, वडील सुरतेला. हातातला मोबाइल काढून घेतला तर खाट आणि वरचा पंखा एवढंच राहतं, आणि मग तो ताट फेकणारच. आधी झोप जागेवर आणायची, मग एखादं माणूस त्याच्या दिवसात आणायचं आणि त्यानंतर मोबाइलचे तास कापायचे. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. सुरुवातच तास कापण्यापासून होते, चार दिवस भांडणं होतात आणि पाचव्या दिवशी थकून मोबाइल परत दिला जातो.

तुम्ही मोबाइल दिलात याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला सात आठवडे नुसतं पडून राहा म्हणणं शक्य नव्हतं. अडचण झाली ती पुढे. प्लास्टर निघालं, पण त्याचा दिवस प्लास्टरच्या वेळचाच राहिला.

कोरोनाचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खालच्या वर्गांतली मुलं दीड वर्षाहून अधिक काळ वर्गात बसली नाहीत. सहाव्या-सातव्या वर्षी मूल सोबतच्या पोरांशी भांडायला, कट्टी सोडून पुन्हा बोलायला, डाव हरायला शिकतं. तुमच्या मुलाचा तो काळ घरात आणि मोबाइलपुढे गेला. एकटं पडलं की मोबाइल काढायचा ही सवय त्याला तेव्हाच लागली. यंदा पाय मोडल्यावर तीच सवय पुन्हा वर आली.

‘कोठेच जानं नही’ यामागे आळस कमी आणि धास्ती जास्त असावी असं आम्हाला वाटतं. तीन महिने सोबतीपासून तुटलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालतं ते पाहा. पाय पुन्हा मोडला तर? लंगडतो म्हणून हसले तर? त्यांचं आता वेगळंच टोळकं झालं असेल तर? अशा वेळी ‘नाही येत’ म्हटलं की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणं हीच अडचण आहे, कारण दर नकारासोबत पुढच्या वेळची भीती थोडी वाढते. गेममध्ये मात्र पाय लागत नाही, कुणी लंगडा म्हणत नाही आणि हरलं तर दुसऱ्या मिनिटाला नवा डाव सुरू होतो.

सुरुवातीचे तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहून ठेवा. त्याच्या मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. तिथे कोणतं अॅप किती वेळ चाललं आणि मोबाइल दिवसातून किती वेळा उघडला, हे दिसतं. वहीत गेम, शॉर्ट्स आणि माणसांशी बोलणं असे तीन रकाने करा. वडिलांशी किंवा मामेभावाशी झालेला व्हिडिओ कॉल तिसऱ्या रकान्यात जाईल. तो वेळ कमी करायचा नाही, उलट वाढवायचा आहे. समजा वहीत रोजचे नऊ तास मोबाइल निघाला, तर आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण त्यातले सहा तास शॉर्ट्सचे असतील तर उपाय वेगळा आणि सहा तास मित्रासोबत गेमचे असतील तर वेगळा. गेममध्ये तो कुणाशी बोलतो हेही याच दिवसांत शेजारी बसून पाहा. शाळेतलाच एखादा मुलगा त्याच्या टीममध्ये निघाला, तर पुढचं काम निम्मं झालं म्हणून समजा.

आता झोप. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तुमचा मुलगा दीडला झोपून अकराला उठतो, म्हणजे तास पुरत असतील, पण तो झोपतो भलत्या वेळी. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडतं तेव्हा शरीराचं घड्याळ दिवस सुरू झाल्याची नोंद घेतं. ते ऊन त्याला मिळतच नाही. त्यात रात्री डोळ्यांपुढे उजेड आणि डोक्यात गेमची धावपळ, म्हणून एक-दीडपर्यंत झोपच येत नाही. अशा मुलाला ‘आज दहाला झोप’ म्हणून उपयोग नसतो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठवायची असते. आज अकराला उठत असेल तर उद्या साडेदहाला उठवा, दोन दिवस तेच ठेवा, मग दहा. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणत गेलं की साधारण अडीच-तीन आठवड्यांत साडेसहा-सातवर याल. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो अंगणात असला पाहिजे. चहा, दूध, दात घासणं, काहीही बाहेरच. सुट्टीच्या किंवा पाहुण्यांच्या दिवशीही ही वेळ पाळा, नाहीतर एका दिवसात आठवड्याची मेहनत जाते.

दुपारची झोप आपल्याकडे मे महिन्यात चुकत नाही, चुकवूही नका. फक्त तीनच्या आत आणि पाऊण तासाच्या आत ती उरकू द्या.

रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे मोबाइल एकाच जागी चार्जिंगला लागतील. स्वयंपाकघरातली फळी चालेल. सगळे म्हणजे तुमचा आणि सासूबाईंचाही. हे जड जाईल, पण याच एका नियमावर मुलं मोठ्यांची परीक्षा घेतात. सुरतेहून रात्री फोन येण्याची शक्यता असेल तर तुमचा मोबाइल रिंग मोठी करून तिथेच ठेवा. गजरासाठी सेलचं साधं घड्याळ आणा, म्हणजे ‘गजर लावायचाय’ हे निमित्त राहत नाही. धाब्यावर किंवा गच्चीवर जायला नीट जिना असेल आणि डॉक्टरांनी पायऱ्या चढायला परवानगी दिली असेल, तर पावसाळा सुरू होईपर्यंत सगळ्यांनी वरच झोपा. तिथे चार्जिंगचं बटण नसतं. दिवसभर तापलेली खोली रात्री अकराला सोडली की मुलं मोबाइलशिवायही लवकर झोपतात. मच्छरदाणी लावा आणि खाटा कठड्यापासून लांब ठेवा.

पहिला आठवडा झोपेचा. दुसऱ्यापासून सोबतीचं काम सुरू करा, आणि ते अगदी लहान पायऱ्यांनी. टोळक्यात पाठवू नका, एका मुलाला घरी बोलवा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, एकच तास. त्या तासात काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. नुसतं ‘खेळा रे’ म्हटलं की दोघंही दहा मिनिटांत मोबाइलवर येतात. कॅरम आणा, नवकाकरीचा पट फरशीवर खडूने आखून द्या, नाहीतर दोघांना घरासमोरच्या केळीच्या ओळी मोजायला आणि ठिबकची नळी कुठे तुंबलीय ते शोधायला पाठवा. हाताला काम असलं की एकमेकांकडे न बघताही बोलणं होतं, आणि बुजलेल्या मुलाला तेच सोपं जातं. असं दोन-तीनदा झालं की त्याच मित्राच्या घरी अर्धा तास, तुम्ही सोडायला आणि आणायला. मग दोन मित्र. गावातल्या मैदानावर पहिल्यांदा जाईल तेव्हा खेळायला नको, पाच ओव्हर मोजायला किंवा स्कोअर लिहायला. प्रत्येक पायरीवर थोडी धास्ती वाटेल एवढीच ती अवघड हवी. फार घाबरला तर मागे येऊ नका, त्याच पायरीवर दोन दिवस थांबा.

या आधी हाडांच्या डॉक्टरांना मुलासमोर थेट तीन प्रश्न विचारा : पळायला कधीपासून? कबड्डी कधीपासून? पडला तर काय होईल? त्यांचं उत्तर त्याने स्वतः ऐकायला हवं. आईचं ‘काही होत नाही’ आणि आजीचं ‘जपून रे’ यांत अडकलेल्या मुलाला डॉक्टरांचा शब्द पायाखाली जमिनीसारखा वाटतो. लंगडणं अजून असेल तर व्यायाम विचारून घ्या. प्लास्टरमध्ये स्नायू बारीक होतो, तो चालण्याने आणि व्यायामाने भरतो.

वडिलांचा फोन रोज येतो का ते पत्रात नाही. येत असेल तर त्याचं रूप बदला. ‘जेवलास का, अभ्यास केलास का, आईला त्रास देऊ नको’ या तीन वाक्यांनंतर कुठलंही मूल मोबाइल आईकडे देतं. रोज आठ वाजता दहा मिनिटं त्यांनी त्याच्यासोबत काहीतरी करावं. एक कोडं घालावं आणि उत्तर उद्यावर ठेवावं, किंवा ते ज्या कारखान्यात आहेत तिथलं मशीन कसं चालतं ते दाखवावं. पाय कसा आहे हे विचारू नये, दिवसभर सगळे तेच विचारतात.

घरातलं एक रोजचं काम त्याच्या नावावर करा, जे तो नसेल तर अडेल. उन्हाळ्यात तुमच्याकडे बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड चाललेच असतील. सकाळी नऊच्या आत गच्चीवर बिबड्या घालायच्या, चारला उलटायच्या, संध्याकाळी मोजून डब्यात भरायच्या. हिशेब त्याने वहीत ठेवायचा. हे शिक्षा म्हणून सांगितलं तर फसतं, म्हणून मोबाइल काढून घेतल्याच्या दिवशी सुरू करू नका.

आता मोबाइलचे तास. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिच्या मार्गदर्शनात ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत स्क्रीन सांगितली आहे. त्यापुढच्या वयाला आकडा बांधून दिलेला नाही. रात्रीची पुरेशी झोप, दिवसातून तासभर मैदानी हालचाल, अभ्यास, जेवण, घरच्यांसोबतचा आणि मित्रांसोबतचा वेळ या गोष्टी होऊन मग स्क्रीन, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमच्या मुलाला हेच लागू आहे. त्यामुळे नऊवरून एकदम दोनवर आणण्याचा हट्ट धरू नका. आधी रात्रीचा मोबाइल जाईल, तो झोपेच्या नियमातच गेला. मग जेवतानाचा. मग उठल्यानंतरच्या पहिल्या तासाचा. त्यानंतर उरलेल्या वेळातून दर चार-पाच दिवसांनी एक तास कमी करा. दुपारी एक ते चार मात्र त्याचा हक्काचा वेळ ठेवा, शेवटपर्यंत. बाहेर पारा ४४-४५ वर असताना अकरा वर्षांच्या मुलाला मळ्यात पिटाळणं धोक्याचं आहे, आणि त्या वेळात तो दोन-अडीच तास मोबाइलवर राहिला तर आकाश कोसळत नाही. बाहेर जायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

गेम थांबवताना मिनिटं मोजू नका, डाव मोजा. एक डाव साधारण दहा-पंधरा मिनिटांचा असतो. मध्येच हॉटस्पॉट बंद केला तर तो हरतो, सोबतचे त्याला शिव्या देतात आणि तो राग घरात निघतो. ताट फेकण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ‘अजून एक डाव, मग बंद’ हे डाव सुरू व्हायच्या आधी सांगा. संपल्याबरोबर हाताला पुढची गोष्ट लागली पाहिजे : आंबा कापलेला, नाहीतर मित्र दारात. मोबाइल संपून पोकळी सुरू होते तिथेच भांडण पेटतं. शॉर्ट्सना डावासारखा शेवटच नसतो, बोट सरकवलं की पुढचं येतं, म्हणून ते आपणहून थांबवणं मोठ्यांनाही जमत नाही. शॉर्ट्सऐवजी हॉलमधल्या टीव्हीवर आख्खा सिनेमा लावा. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि आजी शेजारी बसते.

तांत्रिक बाजू तुमच्या घरात सोपी आहे, कारण त्याचा मोबाइल तुमच्या हॉटस्पॉटवर चालतो. हॉटस्पॉटचा पासवर्ड आणि तुमच्या मोबाइलचा पिन बदला, त्याचं बोट तुमच्या मोबाइलमध्ये नोंदलेलं असेल तर काढा, पैसे पाठवायच्या अॅपचा पिन वेगळा ठेवा. मोबाइलवर गुगलचं ‘फॅमिली लिंक’ हे पालकांसाठीचं अॅप लावलं तर रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ तुमच्या मोबाइलवरून ठरते, नवीन अॅपलाही तुमची परवानगी लागते. त्यासाठी त्याचं गुगल खातं खऱ्या जन्मतारखेचं हवं. बऱ्याच मुलांनी जन्मसाल मागचं टाकलेलं असतं, ते आधी तपासा. हे सगळं सासूबाईंच्या मोबाइलपाशी कोलमडतं. त्यांना दुपारी शांतपणे सांगा की मोबाइल ‘नाही’ नाही, एक ते चार आहे. नातवाला मोबाइलऐवजी दुसरं काही द्यायला त्यांना सुचवा. आजारी नातवाचे लाड करायचा त्यांचा हक्क आपण काढून घेत नाही.

पहिल्या आठवड्यात तो आधीपेक्षा जास्त चिडेल, हे धरूनच चला. पूर्वी रडलं की मोबाइल मिळायचा, म्हणून तो आधी आवाज वाढवून पाहतो. चाळीस मिनिटं रडल्यावर तुम्ही दिलात, तर पुढच्या वेळी तो पन्नास मिनिटं रडेल. नियम एकदा सांगा, आवाज खाली ठेवा, वाद घालू नका, शेजारच्या खोलीत तुमचं काम करत राहा. ताट फेकलं तर उचलायचं त्यानेच, पण शांत झाल्यावर. मारू नका.

धाकटीचं लवकर सुटेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आत, तेही कुणीतरी सोबत बसून, आणि जेवताना अजिबात नाही. स्क्रीनपुढे खाणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही हे कळेनासं होतं. दोन-तीन दिवस ती कमी खाईल, खाऊ द्या कमी. धडधाकट मूल उपाशी राहत नाही. तिला भावासोबत एकाच ताटात बसवा.

मानसिक झालंय का, या प्रश्नावर आता. मोबाइलचं व्यसन हा शब्द एवढ्यात नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. तुमच्याकडे तीन महिने झालेत आणि कारण समोर आहे. आम्हाला काळजी वेगळी आहे : एकटेपणातून मुलांना उदासी येते आणि मोबाइलमुळे ती झाकली जाते. दोन आठवडे सलग तो गप्प, रडवेला किंवा सारखा चिडका असेल, जेवण तुटलं असेल, आवडता गेमही नको म्हणत असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलत असेल, अंगावर ओरखडे-कापल्याच्या खुणा दिसत असतील, तर वर सांगितलेल्या आठवड्यांची वाट पाहू नका. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. घरूनच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गेममधलं कुणी अनोळखी माणूस त्याला धमकावत असेल किंवा फोटो मागत असेल, तर मुलांसाठीचा १०९८.

मरणाचं बोलला तर ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. ‘तुला मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळं होतं. ‘हो’ म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक गोष्ट तो असं बोलो वा न बोलो, आजच करा : तुमचं घर शेतात आहे, फवारणीची औषधं आणि तणनाशकाचे डबे पडवीत किंवा मोटारीच्या खोलीत असतील. ते कुलपात घाला आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. चार वर्षांच्या धाकटीसाठीही ते हवंच आहे.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होईल. त्याच्या आठवडाभर आधी डोळे तपासून घ्या. महिनोन्‌महिने जवळून पाहिल्याने आणि बाहेरच्या उजेडात न गेल्याने या वयात चष्म्याचा नंबर लागतो किंवा वाढतो, आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणूनही मुलं वर्गात मागे मागे राहतात. वर्गशिक्षकांना आधी भेटा. कवायतीला काही दिवस सूट, संध्याकाळी घरी येऊ लागलेल्या मित्राशेजारी बाक, आणि ‘पाय कसा मोडला ते सगळ्यांना सांग’ असं वर्गासमोर उभं करायचं नाही, एवढ्या तीन गोष्टी मागा. पहिल्या दिवशी त्या मित्रासोबतच त्याला शाळेत पाठवा.